खिशातले गाणे आणि अंधांचा अधिकार

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक असे प्रश्न पुढे ठाकले असताना, अंध माणसाने गाणी ऐकण्यासाठी खिशात मावणारे यंत्र कसे निवडावे हा विषय शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या चळवळीने माणसाच्या भाकरीबरोबर त्याच्या प्रतिष्ठेचाही विचार करण्याचे व्रत घेतले, तिला हा विषय किरकोळ मानता येणार नाही. या लहानशा यंत्राचा धागा ओढीत गेले, की वस्तू कोणासाठी घडविल्या जातात, त्या घडविताना कोणाला विचारले जाते आणि ज्याला विचारलेच जात नाही त्याची झालेली उपेक्षा पुढे दानधर्माने कशी झाकली जाते, हे सारे उलगडत जाते.

गावोगावच्या कार्यकर्त्यांना परिचित असलेले एक दृश्य आहे. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात वाटपाचा कार्यक्रम होतो. हारतुरे होतात, भाषणे होतात, पाहुण्यांच्या हस्ते एकेका मुलाच्या हातात खोके ठेवले जाते आणि छायाचित्र निघते. पाहुणे गेल्यावर खोके उघडले जाते. आत गुळगुळीत काचेचे एक सुंदर यंत्र असते. त्यावर बोट फिरविले तर कोठे काय आहे हे उमगत नाही. ते चालू आहे की बंद, हेही कळत नाही. पहिले काही दिवस एखादा डोळस मदतनीस हौसेने गाणे लावून देतो. मग त्याला कंटाळा येतो, आणि यंत्र ट्रंकेच्या तळाशी जाते. ज्या वस्तूने स्वाधीनता द्यावी तिनेच एक नवे परावलंबन निर्माण केलेले असते. आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण वाटप झालेल्या वस्तूंची यादी अहवालात छापली गेलेली असते.

२०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाख ३२ हजारांहून अधिक नोंदली गेली. सर्व प्रकारच्या अपंग व्यक्तींपैकी सुमारे ६९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत असल्याचे त्याच गणनेने दाखविले. म्हणजे हा प्रश्न शहरातील चार संस्थांपुरता नाही; तो प्रत्येक तालुक्यातला आहे. आणि तो संगीताच्या संदर्भात विशेष बोचणारा आहे. आपल्या समाजाने अंधाला परंपरेने संगीत नेमून दिले. रवींद्र जैन यांच्यासारख्या जन्मांध संगीतकाराचे कौतुक करताना हा समाज थकत नाही. रेल्वेच्या डब्यात पेटी वाजविणाऱ्या अंधाच्या हातावर नाणे ठेवतानाही त्याला आपण काही चुकीचे करतो असे वाटत नाही. पण त्याच समाजाच्या कारखान्यांत संगीत ऐकण्याचे यंत्र घडते तेव्हा अंध ग्राहकाची आठवण कोणालाच होत नाही.

हे असेच चालावयाचे, असा काही सृष्टीचा नियम आहे काय? इतिहास वेगळे सांगतो. अमेरिकेच्या काँग्रेसने १९३१ साली प्रौढ अंधांच्या वाचनासाठी सरकारी पैसा मंजूर करणारा कायदा केला. त्या योजनेतून १९३४ पासून तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘बोलती पुस्तके’ देण्यास आरंभ केला. ती मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलेली असत, कारण साध्या तबकडीवर चार-पाच मिनिटांपलीकडे काही मावत नसे आणि अशा तबकड्यांवर कादंबरी उतरवावयाची तर त्यांचा ढीग लागला असता. सर्वसामान्य संगीतप्रेमींच्या बाजारात दीर्घ काळ चालणारी तबकडी रुळली ती १९४८ नंतर. अंधांना वाचनाचा हक्क आहे हे तत्त्व मानून सार्वजनिक पैसा खर्च झाला, तेव्हा जे तंत्र बाजाराला पुढे चौदा वर्षांनी साधले ते आधी अंधांच्या घरी पोहोचले. तंत्रज्ञानाची दिशा कोण ठरवितो, या प्रश्नाचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्यानंतर कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही चपटी डबी आणि तिच्याबरोबरचा टेपरेकॉर्डर अंधांसाठी मुद्दाम केलेला नव्हता, तरी तो त्यांना मानवला. त्याच्या कळा एका ओळीत असत. दाबलेली कळ खालीच राही, त्यामुळे यंत्र चालू आहे की थांबले आहे हे बोटाला समजे. फीत संपली की खटका वर उडे आणि त्याचा आवाज कानाला सांगे. महाराष्ट्रात महाविद्यालयीन अंध विद्यार्थ्यांची एक पिढीच्या पिढी मित्रांनी आणि स्वयंसेवकांनी वाचून भरून दिलेल्या कॅसेटींवर शिकली. १९७९ साली सोनी कंपनीचा वॉकमन आला आणि गाणे खिशात शिरले, तेव्हाही कळा कायम होत्या. ही सोय योगायोगाने मिळालेली होती. ती हक्क म्हणून मिळालेली नव्हती. योगायोगाने मिळालेले काढून घेताना कोणाची परवानगी लागत नाही.

आणि तसेच झाले. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये अॅपल कंपनीने आयपॉड आणला. एक हजार गाणी खिशात, ही त्याची जाहिरात होती. परंतु त्या हजारांतून हवे ते निवडावयाचे तर चाक फिरवीत पडद्यावरची नावे वाचावी लागत. यंत्र स्वतः काही बोलत नसे. काही चिकाटीचे अंध श्रोते चाकाच्या टकटकी मोजून वाट काढीत. पण गाण्यांची यादी बदलली की सारी मोजदाद फुकट जाई. यंत्र बोलके करणे अशक्य होते काय? मुळीच नव्हे. त्याच २००१ साली स्वीडनमधील काही तरुणांनी ‘रॉकबॉक्स’ नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. बाजारात मिळणाऱ्या गाण्यांच्या यंत्रात कंपनीने घातलेली आज्ञावली काढून तेथे सर्वांना खुली आणि विनामूल्य अशी स्वतःची आज्ञावली बसवावयाची, असा तो उद्योग. जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यात भर घातली आणि काही वर्षांतच यंत्रातील प्रत्येक पर्यायाचे नाव बोलून दाखविण्याची सोय तिच्यात आली. पुढे तीच आज्ञावली आयपॉडच्या काही नमुन्यांवरही चालू लागली. कंपनीचा स्वतःचा आयपॉड नॅनो बोलू लागला तो २००८ साली, शफल आणि आयफोन २००९ साली. तोवर अंधांच्या संघटनांनी पाठपुरावा केला होता. गाणी विकत घेण्याच्या संगणकीय दुकानाच्या सुगमतेबाबत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायदा अधिकाऱ्यांनीही २००८ मध्ये कंपनीशी करार केला होता. नफ्याच्या हिशेबात जे बसत नव्हते ते सहकाराच्या विनामूल्य श्रमाने आधी करून दाखविले आणि संघटित दबावाने कंपनीला नंतर करावे लागले. समाजवादी कार्यकर्त्याने या घटनाक्रमाचे मनन करावे. शफल आणि नॅनो २०१७ मध्ये बंद झाले, २०२२ मध्ये आयपॉडची सारी मालिकाच संपली. बोलक्या झालेल्या वस्तूचे आयुष्यही ग्राहकाच्या हाती नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज एखाद्या शाखेला वा कुटुंबाला अंध व्यक्तीसाठी असे यंत्र घ्यावयाचे असेल, तर काय पाहावे?

पहिली गोष्ट, ‘अंध’ या एका शब्दाखाली अनेक प्रकारची माणसे येतात. काचबिंदूने वा मधुमेहाने सत्तरीत दृष्टी गमावलेल्या आजीला ब्रेल येत नाही आणि नवे तंत्र शिकण्याचा उत्साहही फारसा नसतो. तिला पहाटे अभंग आणि दुपारी नाट्यगीते ऐकावयाची असतात. तिच्यासाठी मोठ्या, एकमेकींपासून सुट्या, हाताला वेगळ्या लागणाऱ्या चार-पाच कळांचे साधे यंत्र उत्तम. वृद्ध श्रोता हाही ग्राहक आहे हे जेव्हा उत्पादकाला पटते तेव्हा काय होते, हे २०१७ साली आलेल्या ‘कारवाँ’ या पाच हजार हिंदी गाणी भरलेल्या रेडिओवजा पेटीने दाखविले. कळा आणि फिरता खटका परत आले. गायकाचे नाव मात्र तेथेही छोट्या पडद्यावर उमटते, बोलले जात नाही.

शाळकरी विद्यार्थ्याची गरज वेगळी. त्याला त्याच यंत्रावर गाणीही हवीत आणि पाठ्यपुस्तकही. त्यासाठी ऐकणे जेथे थांबले ती जागा यंत्राने लक्षात ठेवावी, मध्येच खूण करता यावी, आवाज चिरका न होता वाचनाची गती वाढविता यावी आणि प्रकरणाप्रकरणाने उडी मारता यावी. ‘डेझी’ या नावाने ओळखली जाणारी बोलत्या पुस्तकांची पद्धत नेमके हेच करते. तिचा प्रसार करणारा आंतरराष्ट्रीय संघ १९९६ साली स्थापन झाला. अशा पुस्तकांसाठी आणि गाण्यांसाठी केलेली, अंकांच्या कळांची, बोलकी, खिशात मावणारी यंत्रे परदेशांत बनतात. २००७ सालचे ‘व्हिक्टर रीडर स्ट्रीम’ हे त्यांतले प्रसिद्ध. ती उत्तम आहेत. पण साध्या बटणांच्या मोबाइलच्या अनेक पटींनी महाग आहेत. येथेच दुहेरी अन्याय होतो. स्वस्त यंत्र अंधाला वापरता येत नाही, आणि वापरता येणारे यंत्र परवडत नाही.

तिसरी व्यक्ती म्हणजे नोकरी करणारी, लोकलने प्रवास करणारी तरुण स्त्री वा तरुण. त्यांच्या खिशात मोबाइल असतोच. अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’ वा आयफोनमधील ‘व्हॉइसओव्हर’ पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवितो. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत आणि मराठी वाचणारे आवाजही मिळतात. येथे यंत्रापेक्षा गाण्यांच्या अॅपची परीक्षा करावी लागते. ज्या अॅपच्या निर्मात्याने बटणांना नावे दिलेली नाहीत, तेथे स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण, बटण’ असे म्हणत राहतो. आज सुरळीत चालणारे अॅप उद्याच्या सुधारित आवृत्तीत मुके होऊ शकते.

दुकानात उभे राहून पाहावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. एकच कळ थोडी दाबल्यास पुढचे गाणे आणि अधिक वेळ दाबल्यास आवाज मोठा, अशी दुहेरी कामाची कळ शक्य तो टाळावी. मधल्या कळेवर हाताला लागणारा ठिपका असावा. चालू होताना, बंद होताना आणि बॅटरी उतरत आली असता यंत्राने आवाजाने सांगावे. नखाएवढे मेमरी कार्ड वृद्ध बोटांतून निसटते. पेन ड्राइव्ह पकडावयास सोपा. चार्जिंगचे टोक दोन्ही बाजूंनी बसणारे, म्हणजे टाइप-सी प्रकारचे असावे. एकाच बाजूने बसणारे टोक उलटे खुपसल्याने खाच मोडते. बंद केल्यावर पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू होणारे यंत्र कीर्तन ऐकणाऱ्याला निरुपयोगी. हेडफोन दोन्ही कान घट्ट झाकणारा असेल तर तो घरात वापरण्यापुरता. रस्त्यावर कान हेच अंधाचे पहारेकरी असतात.

ज्यांना काहीशे रुपयांपलीकडे खर्च करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी बाजारातल्या साध्या पेन ड्राइव्हवर चालणाऱ्या छोट्या यंत्राचाही उपयोग करून घेता येतो; त्यासाठी पैशापेक्षा कार्यकर्त्याचे श्रम लागतात. प्रत्येक फोल्डरच्या आरंभी त्या फोल्डरचे नाव स्वतःच्या आवाजात भरलेली छोटी ध्वनिफीत ठेवावी : ‘तुकारामांचे अभंग’, ‘लावण्या’, ‘आठवीचा इतिहास’. मुके यंत्र तेवढ्याने बोलके होते. यांतील बरीच यंत्रे गाणी नावाच्या क्रमाने न वाजविता ज्या क्रमाने ती कार्डावर उतरविली त्या क्रमाने वाजवितात. म्हणून ती एकदम न ओतता एकामागून एक उतरवावीत, आणि मग क्रम सहसा बदलू नये. दुसऱ्याच्या मनातील नकाशा त्याला न विचारता पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा. काही हौशी कार्यकर्ते स्वतःचे डोळे मिटून यंत्र तपासतात आणि समाधान पावतात. ती परीक्षा खोटी आहे. डोळे मिटलेला डोळस माणूस अंध होत नाही. त्याच्या बोटांना आणि कानांना ती सवय नसते, आणि पडद्याची आठवण मात्र असते. ज्याला यंत्र वापरावयाचे त्याला दुकानात न्यावे, चार नमुने त्याच्या हाती द्यावेत, आणि बाजूला उभे राहावे. त्याला कोणता रंग आवडतो हेही विचारावे. निवड करणे हा माणूसपणाचा भाग आहे. उपकाराच्या खोक्यात ते मावत नाही.

तथापि प्रश्न एकेका यंत्राने सुटणारा नाही, आणि कायदा येथे अंधांच्या बाजूने आहे हे कार्यकर्त्यांनी जाणून घेतले पाहिजे. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती होऊन छापील ग्रंथ अपंगांना वापरता येईल अशा स्वरूपात आणण्यास मोकळीक मिळाली. याच हेतूने २०१३ साली मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत ठरला. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय चालू आहे. म्हणजे खिशातले यंत्र करमणुकीपुरते उरलेले नाही. तेच अंध विद्यार्थ्याचे दप्तर आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे ४२ वे कलम तर स्पष्टच सांगते, की दैनंदिन वापराची विद्युत उपकरणे सर्वांना वापरता येतील अशा रचनेची उपलब्ध व्हावीत यासाठी शासनाने उपाय योजावेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे नियम निव्वळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, काही किमान मानके बंधनकारक असलीच पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयाने डिजिटल सेवांची सुगमता जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. कागदावर इतके मिळाले असताना दुकानाच्या काउंटरवर मात्र मुके काचेचे यंत्रच पुढे केले जाते. कागद आणि काउंटर यांमधले हे अंतर चळवळीनेच कापावयाचे असते.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण आरंभिले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून. बाहेर उभ्या असलेल्या भक्तांना प्रसाद आणून वाटा, अशी मागणी त्यांनी केली नव्हती. प्रसाद वाटल्याने कोणाचे सोवळे मोडत नव्हते आणि कोणाची प्रतिष्ठाही वाढत नव्हती. दार उघडा, असे त्यांचे म्हणणे होते. अंधांच्या वसतिगृहात यंत्रे वाटणारे हात निष्ठुर असतात असे नाही. पण ते बहुधा प्रसाद वाटीत असतात.

यास्तव प्रत्येक शाखेने तीन कामे अंगावर घ्यावीत. आपल्या तालुक्यातील अंध व्यक्तींना भेटून त्यांना काय वापरता येते आणि काय येत नाही याची नोंद त्यांच्याच तोंडून घ्यावी. नगरपालिका, जिल्हा परिषद वा आमदार निधीतून अपंगांसाठी जी खरेदी होते तिच्या निविदेत कळा, आवाजी प्रतिसाद आणि मराठी भाषा या अटी घालावयास लावाव्यात, आणि नमुना पसंत करणाऱ्या समितीत अंध सभासद असावा असा आग्रह धरावा. आणि ज्यांचा आवाज स्वच्छ आहे अशा कार्यकर्त्यांनी आठवड्यातील एक तास फोल्डरांची नावे, पुस्तकांची पाने आणि वर्तमानपत्रांतील लेख वाचून भरण्यास द्यावा.

पुढच्या वर्षी एखाद्या वसतिगृहात पुन्हा वाटपाचा कार्यक्रम होईल. त्यानंतर महिन्याने कोणी कार्यकर्त्याने, हारतुरे न घेता, तेथे जावे आणि यंत्रे ट्रंकेत आहेत की मुलांच्या हातात, एवढेच पाहून यावे. एखादा मुलगा कोणालाही न विचारता आपल्या आवडीचे गाणे लावून बसलेला आढळला, तर तेवढ्यापुरते काम झाले असे समजून त्याने पुढच्या गावी निघावे.